हाय पॉवरचं अँटिबायोटिक सलाईनमधून सुरू होतंय? पेशंट आणि सोबतच्या माणसासाठी

साध्या गोळ्यांना आणि नेहमीच्या इंजेक्शनांना दाद न देणारं इन्फेक्शन निघालं की फाईलवर मेरोपेनेम, अर्टापेनेम, व्हँकोमायसिन, टायकोप्लॅनिन, कॉलिस्टिन यांतलं एखादं नाव येतं. नातेवाइकांत लगेच कुजबुज सुरू होते, "हाय पॉवरचं चालू केलंय म्हणं." मराठवाड्यातल्या वॉर्डांत नर्सिंगचं काम करताना हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. घाटी असो, अंबाजोगाई, लातूर, नांदेडची मेडिकल कॉलेजं असोत की जिल्ह्याचा दवाखाना, रात्रपाळीला एका सिस्टरच्या वाट्याला बरेच पेशंट येतात. आणि ही औषधं तर वेळ, वेग आणि पूर्ण कोर्स या तिन्हींवर चालतात. त्यांतलं एक बिघडलं, तर महागाचं औषध अंगात जाऊनही नीट काम करत नाही, नाहीतर किडनीला त्रास देतं. म्हणून उशाशी बसणारा माणूस जाणता असला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. औषध कोणतं आणि किती, हे डॉक्टरच ठरवणार. तुम्ही काय सांगायचं, काय बघायचं आणि कधी हाक मारायची, ते पुढं लिहिलंय.

पहिल्या बाटलीच्या आधी

पहिला प्रश्न हाच विचारा: "कल्चरला नमुना गेला का?" कल्चर म्हणजे नमुन्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं. रक्त, लघवी, पू किंवा बेडका, जिथं इन्फेक्शन असेल तिथला नमुना शक्यतो पहिला डोस जाण्याआधी घेतला पाहिजे. औषध आधी गेलं तर जंतू अंगात असूनही लॅबमध्ये वाढत नाहीत, आणि मग नेमकं कोणतं औषध लागू पडेल हे कळायचा रस्ताच बंद होतो. पेशंट फारच गंभीर असेल, बीपी खाली जात असेल, तर डॉक्टर झटपट नमुने घेऊन लगेच औषध सुरू करतात. तिथं रिपोर्टची वाट बघा असा आग्रह धरू नका.

नमुना नीट द्या. लघवीची सुरुवातीची धार सोडून मधली धार डबीत घ्यायची, जागा आधी धुऊन. बेडका म्हणजे तोंडातली थुंकी नव्हे. चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला हवा. लघवीची नळी बसवलेली असेल तर पिशवीत साठलेली लघवी कल्चरला चालत नाही, ते काम सिस्टरकडं सोपवा.

मग घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा. गुडघेदुखीसाठी मेडिकलवरून आणलेली गोळी, वैद्याचं भस्म, काढा, सगळं. यातल्या काही गोष्टी फार महत्त्वाच्या आहेत:

- फिटसाठी व्हॅल्प्रोएटची गोळी चालू असेल तर आधी सांगा. मेरोपेनेम किंवा अर्टापेनेम सुरू झालं की रक्तातलं व्हॅल्प्रोएट झपाट्यानं उतरतं आणि बंद असलेल्या फिट परत येऊ शकतात.
- रक्त पातळ करायची गोळी, मनाच्या आजाराची किंवा डिप्रेशनची गोळी.
- किडनीचा जुना त्रास, डायलिसिस, कमी ऐकू येणं, गरोदरपण, अंगावर पिणारं लेकरू.
- मागं एखाद्या औषधानं काय झालं होतं. "रिअॅक्शन आली होती" एवढंच सांगू नका. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, दम लागला, की नुसते जुलाब झाले? जुलाब म्हणजे अॅलर्जी नव्हे, पण नुसतं "अॅलर्जी" लिहिलं गेलं तर चांगलं औषध कायमचं हातचं जातं.

रिपोर्ट आला

कल्चरचा पहिला अंदाज १ ते २ दिवसांत येतो, पूर्ण रिपोर्टला साधारण २ ते ३ दिवस लागतात, आणि रक्ताच्या बाटल्या ५ दिवसांपर्यंत ठेवून बघतात. तोवर जे चालू असतं ते अनुभवानं निवडलेलं असतं. रिपोर्टवर औषधांच्या नावांपुढं एस, आय, आर असं लिहिलेलं असतं. एस म्हणजे जंतूवर चालतं, आर म्हणजे चालत नाही, आय म्हणजे मधलं, जिथं डॉक्टर डोस वगैरे बघून ठरवतात. पुढं आकडेही असतात. "या औषधाचा आकडा लहान आहे, मग हेच द्या" असं कुणी मोबाइलवर वाचून सांगतं. ते चूक आहे. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी असते, त्यामुळं दोन औषधांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

लघवीच्या इन्फेक्शनमध्ये "ईएसबीएल" हा शब्द वारंवार दिसतो. हे जंतू सेफ्ट्रायक्सोनसारख्या नेहमीच्या इंजेक्शनांचे तुकडे करणारं एक रसायन बनवतात, म्हणून मेरोपेनेम-अर्टापेनेमच्या गटाकडं जावं लागतं. "एमआरएसए" म्हणजे पू करणारा एक हट्टी जंतू असेल तर पेनिसिलिनच्या घराण्यातली बहुतेक औषधं जंतूला चिकटतच नाहीत, तिथं व्हँकोमायसिन किंवा टायकोप्लॅनिन लागतं.

रिपोर्टनंतर कधी औषध "हलकं" केलं जातं. नातेवाईक रागावतात, "पेशंट सुधारत असताना भारी इंजेक्शन का काढलं?" खरं तर ही आनंदाची गोष्ट आहे. जंतू साध्या औषधालाही मरतोय, असा त्याचा अर्थ. तसंच इंजेक्शनवरून गोळीवर आणलं म्हणजे इलाज कमी केला असं नसतं. लिनेझोलिड हे एमआरएसएवरचं औषध गोळीतूनही जवळपास पूर्ण रक्तात उतरतं. पेशंट खाऊ लागला की सुई काढून गोळी देणं केव्हाही बरं.

आणखी एक. ताप नाही, जळजळ नाही, पण लघवीच्या नळीचा कल्चर पॉझिटिव्ह, असं असेल तर डॉक्टर अँटिबायोटिक न देण्याचा निर्णय घेऊ शकतात. जंतू नुसता वस्तीला असणं आणि त्यानं आजार करणं या दोन गोष्टी आहेत. इंजेक्शनचा हट्ट धरू नका.

सुई आणि हात

ज्याला आपण इंट्राकॅथ म्हणतो, ती नळी शक्यतो कमी वापराच्या हातात लावायला सांगा. डायलिसिससाठी एका हाताला फिस्टुला (शिरांची केलेली जोडणी) असेल तर त्या हाताला सुई लावू द्यायची नाही, बीपीसुद्धा मोजू द्यायचं नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हातही सांगून ठेवा.

रोज सकाळी उजेडात सुईची जागा बघा. लाल झाली, सुजली, दाबल्यावर दुखते, शीर दोरीसारखी कडक लागते, पट्टी ओली झाली, यांतलं काहीही दिसलं की "संध्याकाळी बघू" म्हणू नका. व्हँकोमायसिन शिरेला चुरचुरतं आणि शिरेबाहेर पडलं तर तिथलं मांस खराब करू शकतं. जागा बदलून घ्यायची, सुई परत टोचली म्हणून कुरकुर नको. कोर्स बरेच आठवडे चालणार असेल तर दंडातून मोठ्या शिरेत बसवायच्या पिक लाईनबद्दल विचारा. रोजच्या टोचण्यापेक्षा ती सुखाची पडते, पण तिची पट्टी कधीही भिजता कामा नये.

प्रत्येक वेळी नळी जोडण्याआधी इंट्राकॅथचं तोंड स्पिरिटच्या बोळ्यानं चोळून पुसलं जातंय का, हे बघायचा तुम्हाला हक्क आहे. "सिस्टर, स्पिरिट लावलं का?" असं विचारलेलं चांगल्या सिस्टरला लागत नाही. तुम्हीही पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा, शेजारच्या खाटेवर बसू नका. गावाकडून जीप भरून भेटायला माणसं येतात, त्यांना वॉर्डाबाहेर थांबवून एकेकाला आत सोडा. हे हट्टी जंतू हातावरूनच एका खाटेवरून दुसरीवर जातात.

बाटली चालू असताना

सगळ्यात जास्त घोळ इथं होतो, म्हणून सावकाश वाचा.

बरीचशी ही औषधं भुकटीच्या वायलमध्ये येतात. ती विरघळवून सलाईनमध्ये घालतात. अर्टापेनेम साखरेच्या म्हणजे डेक्स्ट्रोजच्या बाटलीत घालायचं नसतं. सेफ्ट्रायक्सोन रिंगर लॅक्टेटमध्ये मिसळत नाहीत, कारण त्यातल्या कॅल्शियमबरोबर खडे बनतात. हे सिस्टरचं काम आहे, पण एक गोष्ट तुमच्याही डोळ्याला दिसते: तयार बाटलीत कण, गढूळपणा किंवा विचित्र रंग असेल तर लावण्याआधी दाखवा. एकाच नळीतून लागोपाठ दोन औषधं जाणार असतील तर मध्ये साध्या सलाईननं नळी धुतली जाते, त्यालाही वेळ द्या.

आता वेग. वॉर्डात वरचेवर दिसणारी गोष्ट सांगते. संध्याकाळची वेळ, आईला व्हँकोमायसिनची बाटली चालू, आणि मुलाचा डोळा घड्याळावर. तालुक्याची शेवटची एसटी गाठायची असते. तो नळीवरचं छोटं चाक अंगठ्यानं वर सरकवतो, थेंबांची धार होते. थोड्या वेळात आईची मान, तोंड, छाती लालभडक होते, डोकं खाजायला लागतं, अंगाची आग होते. घाबरगुंडी उडते. व्हँकोमायसिन भरभर गेलं की शरीरातून खाज आणणारं रसायन एकदम सुटतं, त्याचा हा परिणाम. बाटली थांबवून अॅलर्जीचं औषध देतात आणि नंतर तीच बाटली कमी वेगानं बहुतेकांना चालते. म्हणूनच असा प्रकार झाला तर डॉक्टरांना विचारा, "ही खरी अॅलर्जी की वेगामुळं?" आणि फाईलवर तसंच नोंदवून घ्या.

मिनिटाला १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही आणि डोस कितीही लहान असला तरी तासाभरापेक्षा कमी वेळात नाही, हा व्हँकोमायसिनचा नियम. म्हणजे १ ग्रॅमला १०० मिनिटं तरी लागणारच. २०० मिलीची बाटली असेल आणि सलाईनच्या नळीचा सेट २० थेंबांना १ मिली असा असेल, तर मिनिटाला ४० च्या आसपास थेंब पडतील. सेटवर हा थेंबांचा आकडा छापलेला असतो. मोबाइलचं घड्याळ लावून एक मिनिट थेंब मोजा. फार जास्त वाटले तर सिस्टरला सांगा. चाकाला तुम्ही हात लावायचा नाही.

मेरोपेनेमचं गणित वेगळं. ते कुठं अर्ध्या तासात देतात, कुठं मुद्दाम ३ तास चालवतात. ३ तास म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. या गटाच्या औषधाचा रक्तातला अंश जितका जास्त वेळ एका पातळीच्या वर राहील तितके जंतू मरतात. मोसंबीच्या बागेला पाट सोडण्यापेक्षा ठिबक बरं पडतं, तसंच. म्हणूनच "दिवसातून तीन वेळा" याचा अर्थ सकाळ-दुपार-संध्याकाळ असा घेऊ नका. दर ८ तासांनी, म्हणजे सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. रात्रीचा डोस सर्वांत जास्त निसटतो. सीटी स्कॅनला, सोनोग्राफीला किंवा डायलिसिसला नेल्यामुळंही वेळ चुकते. काही औषधं डायलिसिसनंतरच द्यायची असतात, तेव्हा नेण्याआधी विचारून घ्या. डोस राहिलाच तर पुढच्या वेळी दुप्पट द्या असं कुणालाही सांगू नका, फक्त डॉक्टरांच्या कानावर घाला.

उलटा प्रकारही होतो. पेशंटनं कोपर दुमडलं, बाटली बंद पडली आणि अर्धं औषध तसंच लटकत राहिलं. रात्री दोनदा तरी उठून बघा.

त्यासाठी एक साधी वही ठेवा: तारीख, औषध, बाटली लागली किती वाजता, संपली किती वाजता, दिवसभराची लघवी, ताप, जुलाब. दुसऱ्या पाळीची सिस्टर किंवा राउंडचे डॉक्टर ही वही आवर्जून बघतात.

लघवी मोजा, किडनी सांभाळा

व्हँकोमायसिन, कॉलिस्टिन आणि अमिकासिन ही तिन्ही किडनीवर ताण देतात. म्हणून सुरुवातीला क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारी रक्ततपासणी) तपासतात आणि नंतर दर २-३ दिवसांनी परत. "रक्त काढून काढून माणूस वाळला" असं म्हणून नकार देऊ नका. व्हँकोमायसिनची पातळी बघायचं रक्त बरेचदा पुढच्या डोसच्या थोडं आधी घेतात. ते काढायच्या आधी बाटली लावली गेली तर रिपोर्ट फसवा येतो. त्या दिवशी सिस्टरला आठवण करून द्या.

२४ तासांत लघवी अर्ध्या लिटरच्या खाली गेली, पाय सुजले, किंवा पेशंट अचानक असंबद्ध बोलू लागला, तर त्याच वेळी सांगायचं. आणि दुखण्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारखी गोळी परस्पर देऊ नका. या औषधांसोबत ती किडनीला दुहेरी मार देते. आपल्याकडं वैशाखात वॉर्डातही अंग करपतं, पेशंटचं पाणी लवकर कमी होतं. डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलं नसेल तर घोट घोट पाणी, ताक देत राहा. ही औषधं शिरेतून जातात, त्यामुळं दूध-दही, भाकरी-वरण यांच्याशी त्यांचं वैर नाही. "गरम पडतं" म्हणून उपाशी ठेवू नका. दारूला मात्र पूर्ण बंदी. सेफोपेराझोनसारख्या इंजेक्शनांवर दारू पोटात गेली तर छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी कोसळू शकतं.

कॉलिस्टिनबद्दल दोन शब्द जास्त. ते मिलियन युनिटमध्ये मोजतात आणि पहिला डोस पुढच्या डोसांपेक्षा मोठा असतो, बहुतेक प्रौढांना ९ मिलियन म्हणजे ९० लाख युनिट. ती लिहिण्यातली चूक नसते. तोंडाभोवती, बोटांना मुंग्या, चक्कर हे त्रास यानं होतात. श्वास घेणं जड जाऊ लागलं तर ती तातडीची गोष्ट. हे औषध हाताशी असलेल्या शेवटच्या काही औषधांपैकी आहे, म्हणून तर केंद्र सरकारनं २०१९ मध्ये कोंबड्या आणि जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आणली.

चाक बंद करून हाक मारायची ती वेळ

दम लागणं, घसा आवळल्यासारखं होणं, ओठ-जीभ सुजणं, अंगभर गांधी, एकदम डोळ्यांपुढं अंधारी. बाटली सुरू झाल्यावर यांतलं काही झालं तर वर सांगितलेला नियम मोडायचा: चाक स्वतः बंद करा आणि मोठ्यानं ओरडून सिस्टरला बोलवा. सुई मात्र काढू नका, औषध देण्यासाठी तीच शीर लागते. पेशंटला आडवं ठेवा, चालवत नेऊ नका. दम फारच लागत असेल तर टेकवून बसवा.

दिवसात ३ किंवा जास्त वेळा पाण्यासारखे जुलाब झाले तरी सांगा. बंद करायची गोळी मेडिकलवरून आणून देऊ नका. अँटिबायोटिकनं आतड्यातले चांगले जंतू मेले की एक वेगळाच घातक जंतू माजतो, त्याची तपासणी आणि इलाज वेगळा आहे. कानात आवाज येणं, ऐकू कमी येणं, फिट येणं, हेही लपवू नका.

औषधाचा खर्च

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे ग्रामीण, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजांचा विभाग वेगळा आहे, तिथले नियम तिथंच विचारा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नाव बसत असेल तर त्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी रेशनकार्ड आणि आधार दाखवा. पॅकेजमध्ये औषधं धरलेली असतात. तरीही बाहेरून आणायची चिठ्ठी मिळाली तर आरोग्यमित्राला विचारल्याशिवाय पैसे मोडू नका.

बाहेरून आणायचंच झालं तर दोन-तीन दुकानांत भाव विचारा, जनऔषधी केंद्रातही विचारा. एकाच औषधाच्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या किमतीत मोठा फरक असतो. छापील किंमत हा शेवटचा भाव नसतो. एकदम सगळ्या कोर्सच्या वायल आणू नका, कारण कल्चर आल्यावर औषध बदलू शकतं. पक्कं बिल घ्या, बॅच नंबर आणि मुदत जुळवून बघा. मेरोपेनेमसारखी औषधं शेड्यूल एच-१ मध्ये येतात, ती देताना दुकानदारानं डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव रजिस्टरला लिहायचं असतं. चिठ्ठीशिवाय "देतो की" म्हणणाऱ्या दुकानातून ती आणू नका.

सुट्टी झाली, पण इंजेक्शन चालू आहे

काही कोर्स लांबतात. लघवीच्या बऱ्याच इन्फेक्शनना ७ ते १४ दिवस पुरतात, हाडाच्या इन्फेक्शनला ६ आठवडे लागू शकतात. पेशंट ठीक असेल तर डॉक्टर दिवसातून एकदाच द्यायच्या औषधावर, उदाहरणार्थ अर्टापेनेमवर, घरी सोडतात आणि रोज तालुक्याच्या दवाखान्यात डोस घ्यायला सांगतात. अशा वेळी डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस, किती मिली सलाईनमध्ये, किती वेळात, पहिला आणि शेवटचा दिवस, आणि मधल्या रक्ततपासणीची तारीख लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका. नव्या औषधाचा पहिला डोस दवाखान्यातच झालेला असावा. गावातल्या कुणाकडून घरी खाटेवर "टोचून" घेणं नको. सिरिंजनं झटक्यात देणं आणि बाटलीतून सावकाश देणं यांत पेशंटच्या जिवाचा फरक पडू शकतो.

वायल सांभाळणं हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, पत्र्याच्या घरात त्याहून जास्त. मोटारसायकलच्या डिकीत, एसटीच्या खिडकीशी किंवा पत्र्याखालच्या फळीवर वायल ठेवू नका. लेबलवरचं तापमान वाचा, शक्य असेल तर दवाखान्यातच ठेवायला द्या आणि डोसच्या वेळी तिथंच काढून घ्या. बर्फाला टेकवूनही ठेवायची नाही. पाणी घालून तयार केलेलं औषध उन्हाळ्यात झपाट्यानं उतरतं, ते उद्यासाठी राखून ठेवू नका.

दिवाळीनंतर कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांनी तर हे आधीच बोलून घ्या. उचल घेतलीय, मुकादम थांबत नाही, हे डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. कोर्स गोळीवर आणता येतो का, किंवा ज्या भागात जाणार तिथल्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावानं चिठ्ठी मिळते का, हे विचारता येतं. न सांगता निघून गेलात तर कोर्स अर्धवट राहतो आणि उरलेले जंतू पुढच्या वेळी याच औषधाला जुमानत नाहीत, अशी शक्यता वाढते.

शेवटच्या डोसनंतर सुई किंवा पिक लाईन निघाली का ते बघा, आणि परत दाखवायची तारीख पाळा. पुढच्या काही आठवड्यांत पाण्यासारखे जुलाब किंवा ताप आला तर "अमुक अँटिबायोटिक झालं होतं" असं सांगूनच दवाखान्यात जा. कल्चरचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाजवळ ठेवा, मोबाइलवर फोटोही काढून ठेवा. या माणसाला पुन्हा कधी ताप आला, कुठल्याही गावात, कुठल्याही डॉक्टरकडं, तर नाव सांगण्याबरोबर पहिल्यांदा तो रिपोर्ट पुढं करा.